वेदी कुठं बसवायची

नव्या चर्चचं खेळण्याएवढं पुठ्ठ्याचं घर शहरातल्या साहेबानं मेजावर ठेवलं, आणि पहिला शब्द फुटला तो सरपंच गावेलच्या तोंडून.

"ह्ये काय? अंड्यांवर बसल्याली कोंबडी?"

"कोंबडी न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्या मेव्हण्याची पावसात भिजल्याली टोपी हाय."

हसण्यानं आगीच्या बंबाच्या शेडचे पत्रे हलले. सभा तिथंच भरायची. आमच्या ग्राबुव्का गावात दुसरं मोठं छप्पर राहिलंच होतं कुठं? जुनं लाकडी चर्च उन्हाळ्यात विजेनं खाल्लं होतं. वीज अशी पडली की घंटा लोण्यासारखी वितळून ओढ्यात गेली, आणि त्या साली ओढ्यातला मासा तव्यावर टाकला की ठण्ण वाजायचा. खोटं वाटत असेल तर माझ्या धाकट्या जावेला विचारलं असतं तुम्ही, पण ती मेली. नाहीतर तिनं शपथेवर सांगितलं असतं.

आम्ही बाया भिंतीला टेकून, हातात डाव घेऊन उभ्या. आमच्याकडं रीतच ती. बोलायचं बाप्यांनी, आणि बोलून दमले की सूप वाढायचं आम्ही.

चर्चचा नकाशा काढणाऱ्या त्या साहेबाचं नाव ओल्गेर्द. पायात पातळ तळव्याचे बूट. आमची चिकणमाती अशी की माणूस आधी पोचतो आणि बूट मागाहून येतात; बिचारा दारापासून मेजापर्यंत मोज्यांवरच आला होता. पण माणूस सरळ. म्हणाला, "कोंबडी म्हणा, टोपी म्हणा. अडचण वेगळीच आहे. जुन्या जागेवर हे मावत नाही. एका बाजूला रस्ता, दोन्ही अंगांना स्मशान. वाढवायचं तर पूर्वेकडच्या दगडी कुंपणापलीकडं. ते शेत कुणाचं?"

सगळ्यांच्या माना माझ्या शेजारी वळल्या. ते बटाट्याचं वावर होनोराता अक्काचं.

होनोराता अक्का म्हणजे शेजाऱ्याची कोंबडी बांधावर आली तर तिची सावलीसुद्धा हाकलणारी बाई. तिच्या झाडाचं सफरचंद रस्त्यावर पडलं तर रस्त्याला जाब विचारील. फादर लुत्सियान घसा साफ करून उठले, आता तासभर आर्जवं करावी लागणार अशा तयारीनं. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच अक्का म्हणाली, "न्या."

"काय?"

"वावर न्या, म्हंते मी. फुकट. कागद करा, मी सही करते. पर वेदी माझ्या वावरात आली पायजे. दार ऱ्हाऊ द्या रस्त्याकडं. वेदी तिकडं."

 ती असं का म्हणते ते फादर सोडून सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि त्यांना नसायचं कारण एवढंच की ते तीनच वर्षांपूर्वी आले होते.

लढाईनंतरच्या पहिल्या मोठ्या हिवाळ्यात अक्काला मुलगी झाली. बर्फ खिडकीच्या वर. जुन्या पाद्रीबाबांना निरोप धाडला तर म्हणाले, वाट मोकळी झाली की येतो. वाट मोकळी झाली, ते आले, तोवर पोरगी थंड. बाप्तिस्मा नाही, मग नाव नाही, मग स्मशानात जागा नाही. तिच्या नवऱ्यानं, सिल्वेस्टरनं, सफरचंदाची पेटी घेतली आणि कुंपणाच्या बाहेर, आपल्याच वावरात पुरली. वर एक धोंडा ठेवला. पुढं सिल्वेस्टर म्हातारा होऊन मेला तो रीतीप्रमाणं आत गेला. नवरा कुंपणाच्या आत, लेक बाहेर. अक्का दर साली धोंड्याला वळसा घालून नांगर धरायची. पोरीला ती मनात रोझालका म्हणायची. मला एकदा बोलून गेली होती, दुसऱ्या कुणाला नाही.

जागा बघायला निघालो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. ओल्गेर्द साहेब खुंट्या ठोकत होता, अक्का त्याच्या बाहीला धरून.

"हितं न्हाई. थोडं म्होरं."

"आजी, म्होरं उतार आहे."

"मग भर घाल की. शिकलास कशापायी? हितं. ह्या धोंड्यावर."

"याच धोंड्यावर का?"

"हितले बटाटे गोड लागतात," अक्का म्हणाली.

साहेबानं तिच्याकडं पाहिलं, मग धोंड्याकडं. देवाला न मानणारा माणूस म्हणायचे त्याला.  त्यानं खुंटी धोंड्याला लावून ठोकली आणि नकाशात फुली मारली. फादरना मात्र कुणीतरी वाटेत कानात सांगितलंच असावं. ते चिखलातून लगबगीनं आले.

"होनोराता मावशी, मला आधी सांगायचं. आता काळ बदललाय, आता तसा नियम नाही. आपण त्या बाळाला रीतसर उचलू आणि सिल्वेस्टरच्या शेजारी ठेवू."

"उकरायचं न्हाई."

"पण आदरानं—"

"एकदा गाडली, फादर, पुरे झालं. संतांची हाडं वेदीखाली ठेवता न्हवं तुमी? मग. तिनं कुठं जायाचं न्हाई. चर्चनं तिच्याकडं यावं. उशीर कुणी केला हुता, तिनं का चर्चनं?"

फादरनी टोपीवरचं पाणी झटकलं. "बरं," म्हणाले. "वेदी इथंच." अक्कानं त्या दिवशी कागदावर सही केली, आणि संध्याकाळी माझ्या दारात उभी राहून विचारलं, "मार्सेले, वेदीवर पांढरं कापड घालतात, त्याला कडंला विणकाम मोठं शोभंल का बारीक?" उभ्या जन्मात त्या बाईनं मला काही विचारलं नव्हतं. मी म्हणाले, बारीक. ती हिवाळाभर विणत बसली.

आता मध्ये आलं सिमेंट.

त्या वर्षांत सिमेंट दुकानात मिळत नसे; सरकार देईल तेवढं, देईल तेव्हा. आणि सरकारचं मन म्हणजे एप्रिलचं ऊन. चर्चसाठी मंजुरी आली तीच केवढी खेटरं झिजवल्यावर. आलेलं सिमेंट आगबंबाच्या शेडमध्ये रचलं, त्यावर गावेलचा कुत्रा बसवला, आणि मोजल्यावर कळलं की आहे ते जेमतेम नकाशापुरतं. तेवढ्यात गावेलला आठवलं.

"आन् आमी कुठं उभं ऱ्हायाचं?"

तर सांगते. ग्राबुव्कातला बाप्या मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला जातो, पण चर्चमध्ये जात नाही. त्याचा बाप जात नव्हता, आजा जात नव्हता. आत बाया, पोरं आणि मरायला टेकलेले. बाकीचे बाहेर लिंडनच्या झाडांखाली उभे राहून घोड्यांचं, बिटाचं, दुसऱ्याच्या बायकोचं बोलत देवाची सेवा करतात. ती झाडं चर्चसंगं जळाली होती.

"तुम्ही आत या," फादर म्हणाले. "सगळे मावाल असाच नकाशा केलाय."

शेडमध्ये असं हसू झालं की कुत्रा भुंकायला लागला.

"आत?" गावेल म्हणाला. "फादर, माझा बा आत गेला तो पेटीतनं. मी बी तसाच जाईन. आमास्नी फुडं ओसरी पायजे. पक्की, छपराची, शंभर माणूस कोरडं ऱ्हाईल अशी."

ओल्गेर्दनं पेन्सिल चालवली. बराच वेळ. "शंभर माणसांची ओसरी करायची तर सिमेंट पुरत नाही. तेवढं चर्च आखूड करावं लागेल. पुढून नाही करता येत, ओसरी पुढंच आहे. मागून करावं लागेल."

मागून म्हणजे पूर्वेकडून, धोंड्याच्या बाजूनं. कुणी अक्काकडं पाहिलं नाही. आपापल्या बुटांकडं सगळे असे बघायला लागले जसे काही ते बूट आत्ताच पायात उगवलेत.

अक्का भिंतीपासून सुटली आणि मेजापाशी गेली. बाया मेजापाशी जात नाहीत.

"गावेल," ती म्हणाली, "तू भायेर उभा ऱ्हातोस त्ये तुझ्या मर्जीनं. तोंडात सिगरेट धरून. तुला कुणी आडवलंय? दार उघडंच हाय. माझीला कुणी इचारलं हुतं, आत येतीस का भायेर ऱ्हातीस म्हून?"

गावेलचा चेहरा बिटासारखा झाला. वाईट माणूस नव्हता तो. तिच्या गाईला वासरू अडलं तेव्हा त्यानं कोपरापर्यंत हात घातला होता. पण पाठीमागं शंभर टोप्या उभ्या असल्या की माणूस आपल्या तोंडानं बोलत नाही.

"मावशे, तुझं दुःख आमास्नी कळतंय..."

"कळतंय तर मत घेताना हात खाली ठेव."

"...पर जित्या माणसानं पावसात भिजायचं, आन् मेल्यानं..." 

"फादर, तुमी बोला," अक्का वळून म्हणाली. "'बरं' म्हणाला हुता तुमी. चिखलात."

फादर लुत्सियान दोन्ही हातांनी मेजाची कड धरून उभे होते. "भांडण वर सरकारात गेलं तर मंजुरीच मागं घेतील, मावशी. ते निमित्तच शोधतायत. मग ना वेदी, ना ओसरी. मी... मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करीन. मनातल्या मनात."

"मनातल्या मनात तर मी बी करते," अक्का म्हणाली. "त्याला पाद्री कशाला लागतो?"

हात वर झाले. मोजायची गरज नव्हती. माझ्या नवऱ्याचा, शिमोनचा हातही मी पाहिला. खांद्यापर्यंतच उचलला होता, म्हणजे विचारलं तर खाज सुटली होती म्हणता येईल. त्या दिवशी त्याला सूप मिळालं, पण आंबट पाणीच. सॉसेज त्याच्या ताटात पुढं महिनाभर आलं नाही, आणि का आलं नाही हे त्यानं विचारलंही नाही.

अक्कानं वावर परत मागितलं नाही. "दिलं त्ये दिलं," म्हणाली.

चर्च उभं राहिलं. कोंबडीच दिसायची, पण आखूड शेपटीची. पाठीमागची भिंत धोंड्याच्या अलीकडं थांबली, इतकी जवळ की धोंड्यावर बसून हात टेकावा. ओसरी मात्र अशी झाली की बिशप आले तेव्हा तिलाच चर्च समजून गुडघे टेकायला निघाले होते. हे मी रंगवून सांगत नाही. त्यांच्या गाडीवाल्यानं हाताला धरून आत नेलं.

आणि फादर काही अगदीच भोळे नव्हते. त्यांनी ओसरीच्या आढ्याला भोंगा बसवला. आत प्रवचन ऐकू यायचं कुजबुजीसारखं आणि ओसरीत गडगडाटासारखं. घोड्याची किंमत सांगायची सोय राहिली नाही. त्यात डोंगराकडचं वारं थेट ओसरीत शिरायचं. बाप्ये दोन रविवार थांबले, तिसऱ्या रविवारी निघाले. चर्चला वळसा घालून मागं गेले. तिथं भिंतीच्या आडोशाला वारा नव्हता, भोंगा नव्हता, ऊन होतं. शंभर माणसांची पक्की ओसरी रिकामी, आणि शंभर माणसं होनोराता अक्काच्या वावरात.

अक्का तिथंच होती. नवं चर्च झाल्यापासून ती आत गेलीच नव्हती. रविवारी धोंड्यापाशी येऊन उभी राहायची, काळा रुमाल बांधून. बाप्यांनी तिला पाहिलं आणि थबकले. पण आडोसा चांगला होता. मग एकजण टेकला, मग दुसऱ्यानं काडी ओढली. थोड्या वेळानं बिटाच्या गोष्टी सुरू झाल्या. थोटकं धोंड्याभोवती पडायला लागली.  मी नातवाला रडतो म्हणून बाहेर काढलं होतं, म्हणजे चिमटा मीच काढला होता. कोपऱ्यावरून मला सगळं दिसत होतं.

मग आत घंटी वाजली. पाद्री भाकर उचलून धरतो ती वेळ. त्या वेळेला मात्र बाहेरचा बाप्याही टोपी काढून जमिनीवर टाकतो आणि टोपीवर एक गुडघा टेकतो, दुसरा हवेत, म्हणजे चटकन उठता येतं आणि विजार मळत नाही. तसे सगळे वाकले.

"टोप्या उचला," अक्का म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. गावेल वाकलेलाच राहिला.

"टोपी उचल, गावेल. टोपीवर न्हाई. भुईवर. आन् एक न्हाई, दोन्ही."

त्यानं टोपी उचलली. ओली माती होती. पहिला गुडघा रुतला, मग दुसरा. त्याच्यामागं बाकीचे. धोंड्याभोवती शंभर माणूस दोन्ही गुडघ्यांवर, तोंडातलं थोटकं थुंकायलाही कुणाला सुचलं नाही. आतली घंटी थांबली तरी उठावं की नाही ते कळेना.

"उठा आता," अक्का म्हणाली. शिमोननं उठता उठता गुडघ्यावर हात मारला, तशी ती त्याच्यावर ओरडली, "झटकायची न्हाई! घरला न्या तशीच. बायकूनं इचारलं तर सांगा, कुणाची हाय. नाव रोझालका. पाठ करा."

शिमोन घरी आला. दोन्ही गुडघ्यांवर आमच्या चिकणमातीचे दोन गोल डाग. मी सगळं पाहिलं होतं, तरी विचारलं, "ही माती कुणाची?"

तो बूट काढत बसला. एक काढला, दुसरा काढला, दोन्ही चुलीपाशी नीट लावून ठेवले.

"रोझालकाची," म्हणाला.

मग म्हणाला, "सूप वाढ. गार हुतंय."