पट्ट्यांचं वजन

“हाही नको,” टिकटिकबाई म्हणाल्या आणि दोन्ही हात पटकन मांडीवरच्या पर्सखाली सारले.

दुकानदाराने सुस्कारा दाबला. बाई दुकान उघडताच आल्या होत्या आणि आता बारा वाजत आले होते. तीन कीबोर्ड झाले, तिन्ही नापास. पहिल्याचा आवाज म्हणे डब्यात चमचे खुळखुळल्यासारखा. दुसऱ्याला बटणंच इतकी, की वाजवायचं की विमान चालवायचं. तिसऱ्याच्या आवाजाला मात्र नावं ठेवायला जागा नव्हती. खालचा सूर सोडल्यावरही सावकाश विरत जायचा, थेट लाकडी पियानोसारखा. मग बाईंनी राग पट्ट्यांवर काढला.

“जड आहेत पट्ट्या. दगड नुसते.”

“बाई, खऱ्या पियानोएवढंच वजन ठेवलंय. लोक त्यासाठीच घेतात हा. उलट परवा एक वादक म्हणाला, जरा हलक्याच वाटतात.”

“मग त्यालाच द्या.”

बाई नाचाच्या शाळेत एकतीस वर्षं पियानोची साथ करत होत्या. वाजवताना त्यांचा डावा पाय जमिनीवर ताल धरायचा, त्यावरून मुलींनी टिकटिकबाई हे नाव ठेवलेलं. ते आपल्याला ठाऊकच नाही असं बाई दाखवत, आणि मुलींनाही ते सोयीचं होतं. पण गेल्या महिन्यात शाळेच्या पियानोतली, तारांच्या खुंट्या धरणारी फळीच चिरली. सूर लावला की दोन दिवसांत उतरायचा. शाळेच्या मॅडम बाईंच्या मुलीच्या वयाच्या, मनाने चांगल्या, पण सदा घाईत. “आता कीबोर्डच घेऊ,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच निवडा. त्यात एकदा वाजवलेलं साठवूनही ठेवता येतं. तुम्हाला कधी बरं नसलं तर बटण दाबलं की झालं.”

मॅडम सहज बोलल्या, पण ते वाक्य चार दिवस बाईंच्या दातात अडकून बसलं होतं. बटण दाबलं की झालं, तर स्टुलावर माणूस हवाच कशाला? आणि घरी रिकाम्या बसल्या तर आठवड्याभरात आपण भिंतींशी बोलायला लागू, याची त्यांना खात्री होती.

“भावोजी, तुम्ही सांगा यांना. आपल्या पट्ट्या कशा लोण्यासारख्या होत्या.”

कोपऱ्यात बाईंचे धाकटे दीर बसले होते. शाळेचा पियानो पहिल्यापासून त्यांच्याच हातचा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते सूर लावायला यायचे. दुकानात सूर लावण्यासारखं काही नव्हतं, तरी हत्यारांची पिशवी बरोबर होतीच. ते पिशवीच्या बक्कलशी चाळा करत राहिले.

“वहिनी, ती जलद पावलांची गत एकदा वाजवून बघा,” ते शेवटी म्हणाले.

बाईंनी हात बाहेर काढले. पाय टिकटिक करू लागला, पण हात त्याला गाठेना. अनामिका आणि करंगळी पट्ट्या दाबत होत्या, त्यातल्या निम्म्या बोलतच नव्हत्या. दात पडलेल्या माणसाच्या बोलण्यासारखी ती गत वाटेत गळत गेली. बाई थांबल्या.

दुकानदाराने उभ्या उभ्याच एका हाताने तीच गत वाजवली. सूर न् सूर पडला. त्याच्या मनात काही नव्हतं, कीबोर्ड ठीक आहे एवढंच त्याला दाखवायचं होतं. मग दुसरं गिऱ्हाईक आलं म्हणून तो तिकडे गेला.

साथ बरोबर नाही अशी कुरकूर करणाऱ्या मुलींना बाई हमखास ऐकवायच्या, नाचता येईना अंगण वाकडं. आज ती म्हण त्यांच्याच समोर येऊन बसली.

“भावोजी, गेल्या महिन्यापर्यंत हीच बोटं चालत होती ना?”

“हो.”

“मग?”

भावोजींनी बक्कल सोडलं.

“तीन वर्षांपूर्वी तुमच्या करंगळीचे सूर गळायला लागले. मला जिन्यात ऐकू आलं. मी पट्ट्यांत पुढच्या टोकाला शिशाचे तुकडे बसवले. शिशाने पट्टी आपसूक झुकते, बोटाला जोर लागत नाही. मग दर दोन-चार महिन्यांनी वाढवत गेलो.”

“कोणाला विचारून?”

“कोणालाच नाही.”

“मला तरी सांगायचं.”

“सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी पियानोचं झाकण लावून घरी बसला असता. मी काय आज ओळखतो तुम्हाला?”

साठी आली तरी बोटं विशीतली आहेत, असं बाई मॅडमना तीन वर्षं सांगत होत्या. ती सगळी फुशारकी या माणसाच्या शिशावर चालली होती. बाईंना लाज वाटली, रागही आला, आणि ह्याने न बोलता आपल्याला इतकं सांभाळलं म्हणून डोळेही भरून आले. तिन्ही एकदम आल्यामुळे त्यांना धड भांडताही येईना.

“आता यात कुठे घालणार शिसं?” त्या म्हणाल्या.

भावोजींनी दुकानदाराला हाक मारून विचारलं.

“टचची सोय आहे की. जड, मध्यम, हलका,” तो म्हणाला. “पट्टी तीच राहते, पण नुसती टेकवली तरी आवाज पूर्ण येतो. नवशिक्यांना लावून देतो आम्ही.”

नवशिक्यांना. बाईंनी तोही घोट गिळला.

“लावा हलका.”

या वेळी गत शेवटपर्यंत गेली. एकही सूर गळला नाही. पण मध्ये जिथे अगदी हळू व्हायचं, तिथे हळू होईना, सगळं सारख्याच मोठ्याने येत होतं. एकतीस वर्षांत कमावलेली ती एक नाजूक जागा गेली ती गेलीच. बाईंनी ती पुन्हा दोनदा शोधून पाहिली.

“हाच द्या,” त्या म्हणाल्या.

कीबोर्ड शाळेत आला त्या दिवशी मॅडमनी विचारलं, “कसा आहे?”

“चांगला आहे. टच हलक्यावर ठेवलाय, माझ्या बोटांत आता जोर नाही. त्या बटणाला कोणी हात लावायचा नाही.”

मॅडम म्हणाल्या, “मग तुम्ही वाजवून साठवून ठेवलंत तर...”

“आणि मुली अडखळल्या की त्यांच्यासाठी थांबणार कोण? बटण?”

मॅडमनी मुलींकडे पाहिलं. पुढच्या रांगेतल्या दोघी अजून रांगेत उभं राहण्यावरूनच अडखळत होत्या. “चला, सुरू करू,” त्या म्हणाल्या.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी भावोजी आले, पिशवीसकट.

“सूर उतरले नाहीत हो याचे,” बाई म्हणाल्या.

“माहीत आहे. तो पियानो मोडीत नेला काल. त्याआधी पट्ट्यांतलं हे काढून घेतलं.”

त्यांनी पिशवीतून एक पत्र्याची डबी काढून बाईंच्या तळहातावर ठेवली. डबी एवढीशीच, पण बाईंचा हात खाली गेला. दुसरा हात लावून त्यांनी ती सावरली आणि कीबोर्डवर, गतींची वही ठेवतात तिथे, वहीशेजारी ठेवली. मुली रांगेत उभ्या होत्या. बाईंचा पाय जमिनीवर टिकटिक करू लागला.