शाळेतला पहिला 'ड'

पद्मावती मगदूम हातकणंगल्याहून बदली होऊन कोल्हापुरात पेठेतल्या सरकारी शाळेत आल्या, तेव्हा मागच्या निकालाचा तक्ता बघून त्यांना आनंदाचं भरतं आलं. चाळीस मुलं, चाळीसच्या चाळीस 'अ'! दुसऱ्या दिवशी त्यांनी पाचवीतल्या संयोगिताला धडा वाचायला उभं केलं. पोरीनं पुस्तक तोंडासमोर धरून धडा घडाघडा म्हटला. बाईंनी मध्येच पुस्तकाचं पान उलटलं, तरी पोरगी आधीचंच पान म्हणत राहिली. सगळं पाठ होतं, अक्षर मात्र एक ओळखता येत नव्हतं.

बाईंचा असा संताप झाला की त्या दिवशी डबा गोड लागला नाही. संताप पोरीवर नव्हता. चार वर्षं तिला 'अ' देऊन पुढच्या वर्गात ढकलणाऱ्यांवर होता. सहामाहीच्या तक्त्यात त्यांनी संयोगितापुढे ठसठशीत 'ड' लिहिला आणि आणखी अकरा जणांपुढे 'क'.

मुख्याध्यापक घाटगे सरांनी तक्ता बघून कपाळाला हात लावला. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि ती त्यांना बिनघोर काढायची होती, एवढंच.

"बाई, ह्या शाळेत 'ड' कधी आलेला न्हाय. वरनं इचारत्यात. सगळ्यास्नी 'अ' द्या आणि मोकळं व्हा की."

"तिला वाचता येत नाही, सर."

"व्हय, पण ते तक्त्यात कशाला दिसाय पाहिजे?"

बाई हटेनात. तेव्हा सर म्हणाले, "मग शनिवारी पालकसभेत तुम्हीच सांगा. पालक पेटले तर तक्ता बदलायचा. ठरलं?"

"ठरलं," बाई म्हणाल्या खऱ्या, पण शनिवारची धास्ती होतीच. कारण संयोगिताची आजी अंबूबाई. घरी तीन म्हशी, आणि आवाज असा की आपल्या नातीला हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतली पोरंसुद्धा घरी पळत.

शनिवारी वर्ग पालकांनी गच्च भरला. बाईंनी अंबूबाईंना टेबलाजवळ बोलावून हळूच सगळं सांगितलं. पण अंबूबाईंपाशी हळू असं काही नसतं.

"म्हंजे चार वरसं आमाला खोटं सांगितलंसा?"

घाटगे सर खुर्चीत सरसावून बसले. चेहऱ्यावर अगदी, बघा, मी सांगत होतो ना!

अंबूबाई सरांकडंच वळल्या. "आवो सर, डेअरीत दूध घालतो मी. रोज फॅट बघत्यात. कमी भरलं तर तोंडावर सांगत्यात. मग मी घरी जाऊन म्हशीची पेंड वाढवतो. सगळ्यास्नी एकच फॅट लावलं असतं, तर माझी म्हस अर्धपोटी हाय हे मला कळलं असतं का?"

मागून एक बाप उठला. "आमच्या मोहितचं खरं काय हाय, ते बी सांगा." मग दुसरी आई उठली, मग सगळेच. पाच मिनिटांत टेबलाभोवती ही झुंबड! सरांची खुर्ची ढकलत ढकलत फळ्याला जाऊन टेकली. शेवटी सरच उठले, तक्ता हातात घेतला आणि खणखणीत आवाजात नावं पुकारू लागले. "ओळीनं या, ओळीनं! खरं तेच सांगणार हाय!" इतक्या वर्षांत त्यांना एवढं मोकळं कुणी पाहिलं नव्हतं. पद्मावतीबाईंना हसू आवरेना आणि हसता हसता डोळेही भरून आले.

सोमवारपासून शाळा सुटल्यावर एक तास वाचनाचा, असं तिथंच ठरलं. गर्दी पांगली, पण अंबूबाई मागं रेंगाळल्या.

"कवा वाचाय लागंल पोरगी?"

"रोज बसली तर मार्चपर्यंत नक्की."

अंबूबाईंनी दाराकडं बघून घेतलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "बाई, 'ड'च्या खाली काय असतंय?"

"काही नसतं. का हो?"

"न्हाय, मला त्यात घाला म्हणतो. पोरीसंगं मीबी येतो."