एक फेरी

दुकानदाराने तिचा जुना बूट उलटा केला आणि तळव्यावरून अंगठा फिरवला.

"काकू, हे चालायचे बूट ना?"

"हो. चालायचेच."

"मग टाच अशी कोरी कशी? चालणाऱ्याची आधी टाच झिजते. तुमचा पुढचा भाग पार गुळगुळीत झालाय." त्याने बूट उजेडात धरला. "तुम्ही धावता."

शेजारच्या स्टुलावर तिचा नवरा बसला होता. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, त्यामुळे कुठलीही वस्तू उलटी केली की त्याची मान आपोआप पुढे यायची. आत्ताही आली. तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं. सात महिने जपलेली चोरी एका तळव्याने चव्हाट्यावर आणली होती.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्याला रोज चालायला सांगितलं होतं. ती त्याच्या चालीने मैदानापर्यंत जायची, त्याला झाडांअलीकडच्या, मैदान न दिसणाऱ्या बाकावर बसवायची, "एक फेरी मारून येते" म्हणायची आणि झाडांआड गेली की धावत सुटायची. साठी उलटल्यावर हे खूळ डोक्यात कुठून शिरलं कोण जाणे, पण सोडवत नव्हतं. सांगायची मात्र हिंमत होत नव्हती. आधीच तो स्वतःला तिच्या पायातली बेडी म्हणायचा. हे कळलं तर उद्यापासून घराबाहेर पाऊल टाकणार नाही, याची तिला धास्ती होती.

"साधेच दाखवा," ती म्हणाली. "चालतील."

"चालतील हो काकू, पण धावणार नाहीत. पुढे गादी नसेल तर बोटांची वाट लागेल."

"किती फेऱ्या?" नवऱ्याने विचारलं.

तिने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला.

"पाच. कधी सहा. अहो, मी सांगणारच होते..."

"मी एकच समजत होतो." त्याने चष्मा काढून पुसला. "पूर्वी तुझी एक फेरी आठ मिनिटांत व्हायची. आता अर्धा तास. वर धापा टाकत यायचीस, लालबुंद होऊन. म्हटलं, हिच्या छातीत काहीतरी आहे आणि ही लपवतेय."

"म्हणून रोज विचारत होतात, घाबरल्यासारखं होतं का?"

"म्हणूनच तर हळू चालायचो तुझ्याबरोबर. गुडघा केव्हाच बरा झालाय."

तिने बोटाचा बंद सोडला. मग तिला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. इतक्या महिन्यांत दोघांनी एकमेकांना जपत जपत रस्त्यावरच्या मुंग्यांनाही पुढे जाऊ दिलं होतं. दुकानदार उगाचच खोक्यांची झाकणं लावत बसला.

"हिला धावायचे द्या," नवरा म्हणाला. "चांगले. किंमत मी बघतो, तिला दाखवू नका."

ती नवे बूट पायात चढवत होती तेव्हा तो उठला, दाराशी गेला आणि त्याने फोन लावला.

"सोमवारची वेळ रद्द करायची होती. हो, हृदयाच्या डॉक्टरांची. बायकोच्या नावावर घेतलेली."

लेस हातात धरून ती तशीच थांबली.

"नाही हो, दुसरीकडे नाही दाखवत. ठणठणीत आहे ती." पलीकडून बहुधा बरं म्हणून झालं असावं, पण त्याने फोन ठेवला नाही. दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात, कोणी विचारलं नसताना, तो म्हणाला, "मैदानाला पाच फेऱ्या मारते. धावत."