चौऱ्याण्णव मुठींचं बहुमत

गावाचं नाव सांगणार नाही. दोंडाईच्यापासून अर्ध्या तासावर आहे, एवढंच घ्या. माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा, आणि त्या गावातली पुढच्या सीझनची चार लग्नं माझ्याकडे बुक आहेत. उगाच वाकड्यात कोण शिरेल?

मी कुंदन. वीस वर्षं लोकांच्या हळदी आणि वराती शूट करतोय. सासू रुसली, मामा पिऊन नाचला, सगळं कापून गोड करून देतो. गेल्या श्रावणात उखर्डू नानांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "कुंदन, मन्हावर डॉक्युमेंटरी कर." कशासाठी, तर ग्रामपंचायतीच्या वॉर्ड नंबर दोनच्या निवडणुकीसाठी. सरपंचपदासाठीसुद्धा नाही हो, साध्या मेंबरकीसाठी. वॉर्डात मतदार चारशेच्या आत. तेवढ्या घरी नाना दोन दिवसांत जाऊन चहा पिऊन आले असते. पण नाना आधी दोनदा पडले होते, आणि तिसऱ्यांदा पडलो तर पारावर बसायला येणार नाही, असं चारचौघांत बोलून बसले होते. पारावर बसणं हाच त्या माणसाचा मुख्य व्यवसाय. तो गेला तर राहिलं काय?

डॉक्युमेंटरीची कल्पना त्यांच्या मुलाची, हितेंद्रची. हितेंद्र दोन वर्षं पुण्यात राहून आला आहे, त्यामुळे त्याला सगळं माहीत असतं. त्याने नाव ठरवलं, 'वादळ वॉर्ड नंबर दोनचं'. मी म्हटलं, वादळ म्हटल्यावर शेतकरी घाबरतात, केळी आडवी होतात. तो म्हणाला, "कुंदनभाऊ, तुम्ही फक्त फ्रेम बघा." बघितली बुवा फ्रेम.

पहिला सीन, 'साधा माणूस'. नानांनी म्हशीचं दूध काढायचं. नवा पांढरा सदरा घालून नाना म्हशीखाली बसले. म्हशीने आधी मान वळवून बघितलं, हा कोण आला म्हणून, आणि दुसऱ्याच मिनिटाला चरवी उडवली. तिच्या अंगाला हात लागतो तो लताबाईंचा, म्हणजे नानांच्या बायकोचा. शेवटी लताबाई फ्रेमच्या बाहेर बसून दूध काढत होत्या आणि नाना फ्रेमच्या आत चरवी धरून हसत होते. असे सात सीन झाले. भाकरी नानांच्या ताटात, थापणारे हात बाहेर. निंदणी करणारे नाना, निंदलेलं वावर लताबाईंचं. त्या बाईने एकदाही कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. मी एकदा म्हटलं, "अक्का, तुम्ही पण या की." तर म्हणाल्या, "मन्हं काय काम शे तठे?"

आता कानबाईचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं. आमच्या खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. तिचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड गोड पोळ्या, करतात ते भाऊबंदकीचे, एका कुळातल्या सगळ्या घरांचे मिळून. त्यासाठी गहू मोजायची रीत अशी, की घरातल्या दर पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. पाळण्यातलं पोर असलं तरी त्याची मूठ पडते. बाईची पडत नाही. आणि हे रोट भाऊबंदकीबाहेर जात नाहीत. परक्याला तुकडाही नाही. घरच्यांनीच खायचे आणि पुनवेच्या आत संपवायचे. मी वीस वर्षं कानबाया शूट केल्या, पण एकाही रोटाची चव मला माहीत नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

नानांच्या भाऊबंदकीत अकरा घरं. सगळ्यांचा गहू नानांच्या ओसरीवर मोजला जातो आणि मोजतात लताबाई. छत्तीस वर्षं त्यांचीच मूठ. हितेंद्रने लॅपटॉपवर मतदारयादी काढून ठेवली होती, पण नाना त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हते. "यादीमा गफलत राहस. कानबाईना गहू खोटं बोलस नही." म्हणजे मुठी मोजायच्या, त्यांची दुप्पट करायची, कारण पुरुष तिथे बाई आलीच. तेवढी मतं पक्की. यात पाळण्यातली सहा पोरं धरली गेली आणि सुरतला कापडाच्या कारखान्यात असलेली नऊ जणं धरली गेली, ती गेल्या दिवाळीलासुद्धा आली नव्हती. मी हितेंद्रकडे बघितलं. तो म्हणाला, "इमोशनल कनेक्ट आहे, असू द्या."

मोजणी सुरू झाली. मी कॅमेरा लावला. लताबाई एकेक नाव घेऊन मूठ सुपात टाकत होत्या. दहा घरं झाली, आणि अकराव्या घराच्या रत्नाबाई पदर सावरून पुढे आल्या. रत्नाबाई नानांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ दोन वर्षांपूर्वी वारला. घरात त्या आणि तीन मुली, चौघी मतदार. थोरली सारिका ट्रॅक्टर चालवते, कापूस विकायला स्वतः जाते. भाऊ होता तोवर त्या घराची एक मूठ पडायची. गेल्या वर्षीपासून तीही बंद.

"नाना," रत्नाबाई म्हणाल्या, "मन्हा घरनी मूठ टाका. सारिकाना नावनी टाका. एकच."

एवढंच मागणं होतं हो तिचं. मूठभर गहू. आपलं घर अजून भाऊबंदकीत मोजलं जातं, एवढं तिला बघायचं होतं. नानांनी कॅमेऱ्याकडे बघून घसा साफ केला आणि शुद्ध मराठीत सांगितलं, "ही देवीची रीत आहे. रीत मोडणारा मी कोण?" मग परत आपल्या बोलीत, "तुना घरमा माणूस कोठे शे, रत्ना?"

रत्नाबाई मागे सरकल्या. सारिका दाराशी उभी होती, तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, इथे कॅमेरा बंद करावा. पण लगेच पुढचा तमाशा झाला. हितेंद्र नानांच्या कानाशी लागला, आणि नाना लताबाईंना म्हणाले, "एक मूठ साहेबना नावनी टाक."

साहेब म्हणजे तालुक्याचे पुढारी. ना नात्यातले, ना गोत्यातले. त्यांचा फोटो बॅनरवर नानांच्या दुप्पट होता. लताबाईंची मूठ सुपावर तशीच थांबली. त्यांनी आधी नानांकडे बघितलं, मग रत्नाबाईंकडे, आणि मूठ उघडली. गहू पडला. "चौऱ्याण्णव," नाना म्हणाले. "दुप्पट कर, हितेंद्र." हितेंद्रने मोबाइलवर केलं. एकशे अठ्ठ्याऐंशी. मतदान होणार तीनशेच्या आसपास. नानांनी तिथेच मला विजयाच्या मुलाखतीचं शूटिंग करून घ्यायला लावलं. म्हणे, नंतर गर्दीत जमणार नाही.

सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं, आणि दुपारी हितेंद्र एक रोट स्टीलच्या डब्यात घालून साहेबांकडे घेऊन गेला. भाऊबंदकीतल्या बाया ओसरीवर गंगाफळाची भाजी चिरत बसल्या होत्या. डबा समोरून गेला तशा सगळ्यांच्या विळ्या थांबल्या. हे माझ्याकडे शूट आहे. आवाज नाही, नुसता डबा चाललाय.

पुढच्या आठवड्यात मतदान झालं. नानांच्या विरोधात उभ्या असलेल्या वना आबांना एकशे अठ्ठेचाळीस मतं पडली, नानांना एकशे एक्केचाळीस. सात मतांनी पडले. वना आबांनी प्रचारात काय केलं म्हणाल तर काही नाही. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं, ते धुळ्याला पडून होते.

नाना दोन दिवस घराबाहेर निघाले नाहीत. तिसऱ्या दिवशी हितेंद्रचा फोन. शेवट बदलायचा आहे, आता पिक्चरचं नाव 'घात'. मी गेलो. ओसरीवर दोन खुर्च्या, एकीवर नाना, दुसरीवर लताबाई. पहिल्यांदाच त्या फ्रेममध्ये आल्या, कारण हितेंद्रला घरच्या बाईच्या डोळ्यांत पाणी पाहिजे होतं. बाजूला सगळी भाऊबंदकी जमवलेली. रत्नाबाईंनाही बोलावून आणलं होतं.

नानांनी सुरुवात केली. "सात मतांनी पडलो. रत्नाच्या घरात चार मतं. ती चार तिकडे गेली नसती, इकडे आली असती, तर मी एका मताने निवडून आलो असतो." हिशेब बरोबर होता. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने बायांची मतं एकेक करून मोजली होती. कधी, तर पडल्यावर.

रत्नाबाईंचा चेहरा उतरला. "चारी मतं तुम्हलेच टाकी, नाना. कानबाईनी आण. मूठ नही टाकी तरी घर आपलंच शे."

"खोटं," नाना म्हणाले. "लता, सांग कॅमेराले. रत्नानी दगा दिधा."

लताबाईंनी पहिल्यांदा सरळ माझ्या कॅमेऱ्यात बघितलं. "रत्नानी नही," त्या म्हणाल्या. "मी."

नानांना कळलंच नाही. "काय मी?"

"मन्हं मत वना आबाले टाकं. साहेबनी मूठ टाकाले लावी ना मन्हा हातले, त्याच दिनले ठरायं. छत्तीस वरीस सगळासना मुठी मी मोजी राह्यनू. पाळणामाना पोरनी मोजी. माले कोणी कधी मोजं?"

मग मागून नानांची चुलत वहिनी खाली बघत म्हणाली, "मीबी आबालेच टाकं." तिच्यामागे तिची सून. मग आणखी एक. कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, मी तर गेल्या दोन्ही वेळीबी त्यालेच टाकं. नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "कट कर." मी नाही केलं. वीस वर्षं लोकांचं सगळं कापत आलो, या वेळी हातच झाला नाही. खरं सांगतो, मला त्या बाईचा लई अभिमान वाटला.

पिक्चर पुरा झाला नाही. पण या श्रावणात नानांनी परत बोलावलं. आता त्यांच्या डोक्यात पंचायत समिती आहे. ओसरीवर सगळ्यांसमोर त्यांनी जाहीर केलं, की यंदापासून बायांच्याही मुठी पडणार, हे क्रांतिकारी पाऊल आहे, कुंदन, नीट घे. लताबाईंनी सूप ओढलं. पहिली मूठ टाकली ती "रत्ना" म्हणून. दुसरी "सारिका". मग तिच्या दोघी बहिणी. मग दहा घरच्या बाया, सुना, लेकी, कडेवरच्या पोरीसुद्धा. शेवटची मूठ टाकताना त्या जरा थांबल्या आणि स्वतःचं नाव घेतलं. रत्नाबाई डोळे पुसत होत्या, आणि लताबाई त्यांना रागावत होत्या की गव्हात पाणी पडेल.

एक गोष्ट मात्र नानांच्या लक्षात आली नाही. गहू दुप्पट झाला तर रोटही दुप्पट होतात. परक्याला द्यायचे नाहीत, उरवायचे नाहीत, पुनवेच्या आत घरच्यांनीच संपवायचे. या वेळी डबा बाहेर काढायची हिंमत हितेंद्रची पण झाली नाही. काल पुनव होती. मी शेवटचा शॉट घ्यायला गेलो, तेव्हा नाना ओसरीवर ताट घेऊन बसले होते. चेहरा घामाने डबडबलेला, पट्टा सैल केलेला.

"बस झायं, लता," नाना म्हणाले.

लताबाईंनी ताटात आणखी एक रोट वाढला, वर दूध ओतलं. "हाई मन्हा नावना शे," त्या म्हणाल्या. "खा."

नानांनी खाल्ला. मी शूट केलं.