तोंड मिटून बसलेली रायेन

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणीही आता माझ्यावर मावणार नाही. मी बाळांना भरवण्यासाठी केलेली उंच लाकडी खुर्ची आहे. वय झाले आहे माझे. डाव्या हाताचा रंग पार उडाला आहे आणि बसायच्या जागी घासून घासून गुळगुळीत खळगा पडला आहे.

जगाच्या पार दक्षिणेकडच्या थंड समुद्रात चिलोए नावाची बेटे आहेत, त्यांतल्या एका लहान बेटावर रोसामेल नावाचे सुतार राहत. ते होड्या बांधत. एका होडीतून उरलेल्या सायप्रस झाडाच्या फळ्यांपासून त्यांनी मला केले, त्यांच्या पहिल्या मुलासाठी, एलिसेओसाठी. खिळेही होडीचेच, तांब्याचे. घर पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभे होते. भरतीचे पाणी खालून वाहू लागले की जमिनीच्या फळ्या थरथरत आणि माझे पाय त्यांच्यावर टकटक वाजत.

एलिसेओने माझ्यावर बसून बटाटे खाल्ले, भोपळा खाल्ला, माशाचे कालवण प्यायले. मग त्याच्या बहिणी आल्या. मग शेजाऱ्यांनी मला मागून नेले. रोसामेलच्या खुर्चीत बसलेले मूल उपाशी उठत नाही, असे बेटावरच्या बायका म्हणू लागल्या. मित्रांनो, स्तुती सगळ्यांना गोड लागते, तशी मलाही लागली. सगळे श्रेय माझेच आहे असे मला वाटू लागले.

पुढे मुले मोठी झाली. मला जाळ्यांच्या खोलीत टाकून दिले. तिथे मी कित्येक वर्षे अंधारात उभी होते.

एलिसेओचे लग्न नोल्फाशी झाले आणि त्यांना मुलगी झाली. तिचे नाव रायेन. रोसामेल तोवर म्हातारे झाले होते, पण त्यांनी मला बाहेर काढले, धुतले, निळा रंग दिला. काही सांडू नये म्हणून समोर एक नवी फळी बसवली, चारी बाजूंनी कड असलेली. बाळ पडू नये म्हणून चामड्याचा पट्टा लावला. मी पुन्हा स्वयंपाकघरात, लोखंडी चुलीच्या उबेत आले. एलिसेओ मात्र घरी नसे. तो दक्षिणेकडे मासेमारीच्या बोटीवर होता, दोन-दोन महिने.

रायेन सहा महिन्यांची झाली तेव्हा नोल्फाने तिला भोपळ्याचा पहिला चमचा दिला. रायेनने तो थुंकला. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी बटाटा दिला, मग दुधातला रवा, मग शिजवलेले सफरचंद. रायेन ओठ मिटून घेई आणि मान फिरवी. आईचे दूध तेवढे ती घेई. सातवा महिना गेला, आठवा गेला. हसणे कधीच थांबले होते.

महिन्यातून एकदा नर्स मोटारबोटीने बेटावर येई. तिने रायेनला काट्यावर ठेवले. वजन मागच्या महिन्याएवढेच होते. नर्स चांगली बाई होती. तिने नोल्फाला धीर दिला, पण जाताना सांगितले की पुढच्या वेळीही असेच असेल तर मुलीला शहरातल्या दवाखान्यात न्यावे लागेल, कदाचित नाकातून नळी घालून दूध द्यावे लागेल. नोल्फाच्या कानात त्यातले एकच राहिले, नळी.

त्या दिवसापासून घराला स्वस्थता उरली नाही. दर दोन तासांनी नोल्फा मला खिडकीजवळ ओढी. रायेनला बसवी, पट्टा बांधी, फळी लावी. गाणी म्हणून पाहिली. झाकणे वाजवून पाहिली. दारात कोंबडी आणून दाखवली. चमच्याची होडी केली. रायेन होडीकडे बघे, कोंबडीकडे बघे, आणि ओठ मिटून घेई. मग तिचे हात चमचा उडवू लागले, म्हणून नोल्फा ते हात फळीखाली दाबून ठेवू लागली. पट्टा एका भोकाने आवळला. बेटावरची प्रत्येक बाई काहीतरी सांगून जाई. कुणी म्हणे दृष्ट लागली आहे, मनगटाला लाल दोरा बांध. कुणी म्हणे दूधच तोड, भूक लागली की आपोआप खाईल. नोल्फाने दोरा बांधला. दूध तोडायचे तिला धाडस झाले नाही.

एका दुपारी नोल्फाने तिचे गाल दाबले. रायेन रडायला लागली, तोंड उघडले, तेवढ्यात नोल्फाने चमचा आत घातला. रायेनला ठसका लागला. आवाज येईना. चेहरा जांभळा पडला. नोल्फाने पट्टा ओरबाडून काढला, तिला पालथी धरली आणि पाठीवर थापा मारल्या. घास बाहेर पडला. मग दोघी कितीतरी वेळ जमिनीवर बसून रडत होत्या. मी वर तशीच उभी होते, फळीवर सांडलेला रवा घेऊन.

त्यानंतर मला नुसते पाहिले तरी रायेन पाय ताठ करी. बसवले की तिच्या टाचा माझ्या पायांवर आपटत. मित्रांनो, ज्या पट्ट्याने आणि फळीने तिला धरून ठेवले होते ती माझीच होती. मला पळून जावेसे वाटे. पण खुर्चीला चार पाय असले तरी चालता कुठे येते?

शेजारी ओतिलियाकाकू राहत. ओहोटीला किनाऱ्यावर जाऊन शिंपले वेचणाऱ्या. एका सकाळी त्या बादली घेऊन आल्या आणि लोकर विणत चुलीपाशी बसल्या. त्यांनी दोन वेळचे भरवणे पाहिले. नोल्फाने सासऱ्यांना जेवायला वाढले आणि स्वतः भांडी घासायला लागली. रायेन खाली बसून समुद्री शेवाळाचा जाड देठ चावत होती. दात येताना आमच्याकडे बाळांना तो देतात. ओतिलियाकाकूंनी विणणे थांबवले.

"नोल्फा, तू कधी जेवतेस गं?"

"जेवते की. नंतर."

"नंतर म्हणजे कधी? मी सकाळपासून बसलेय, तुझ्या तोंडात काही गेलेलं नाही. या पोरीनं तुला कधी जेवताना पाहिलंय तरी का?"

नोल्फा चिडली. "माझ्या जेवणाचं काय घेऊन बसलात, काकू? बोट आली की काट्यावर तिला ठेवणार आहेत, मला नाही."

"तो देठ बघ कसा चावतेय. स्वतःच्या हातानं घेतलाय म्हणून. तुझ्या चमच्यातलं तिला काहीतरी भलतंच वाटत असेल. चांगलं असतं तर आईनं खाल्लं नसतं का?"

नोल्फाने पाठ फिरवून पातेले इतके घासले की ओतिलियाकाकू शिंपल्यांची बादली तिथेच ठेवून निघून गेल्या.

रोसामेल हे सगळे ऐकत जेवत होते. जेवण झाल्यावर ते उठले आणि लहान करवत घेऊन आले. करवत पाहून मला धडकी भरली. ते गुडघ्यांवर बसले आणि माझी फळी कापू लागले. त्यांचे हात आता थरथरत, म्हणून फार वेळ लागला.

"बाबा, हे काय करताय? ती पडेल ना," नोल्फा म्हणाली.

"तू जवळ बसलीस की नाही पडणार."

फळी खाली पडली. पट्टा त्यांनी ठेवला, पण दोन भोके सैल केला. मग मला खिडकीपासून ओढत जेवायच्या टेबलाशी आणले. नोल्फाला शेजारी बसावेच लागले. तिच्यासमोर त्यांनी शिंपल्यांचा रस्सा आणि उकडलेले बटाटे ठेवले. रायेनसमोर काही ठेवले नाही.

पहिल्या दिवशी रायेन नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने टेबलावरचा बटाटा खाली फेकला, तो कोंबडीने खाल्ला. नोल्फाचा हात सारखा चमच्याकडे जाई आणि रोसामेल तिचे मनगट हलकेच दाबून धरत. तिसऱ्या दिवशी ती घास चिवडत रडली. बोट यायला बाराच दिवस उरले होते. बाबा, असे बघत बसून माझी पोर जाईल, असे ती म्हणाली. रोसामेलनी तिच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.

पाचव्या दिवशी मोठा वारा होता. नोल्फा सकाळभर लाकडे आणत होती आणि तिला खरोखरच भूक लागली होती. ती जेवायला बसली आणि क्षणभर मुलीला विसरली. पाव बुडवून खाल्ला, रस्सा भुरकला, बोटे चाटली. तेवढ्यात रायेन माझ्यावरून पुढे झुकली, आईच्या वाडग्यात हात घातला आणि रश्शातला बटाटा उचलला. मुठीत तो कुस्करला, बोटांच्या फटींतून बाहेर आला. तिने ती मूठ तोंडात कोंबली.

कुणी हलले नाही. रोसामेल आपल्या वाडग्याकडेच बघत राहिले. नोल्फाच्या तोंडात काही नव्हते, तरी ती चावत राहिली. रायेनने तोंड वाकडे केले. गिळले. आणि पुन्हा वाडग्यात हात घातला.

रेडिओवर बोटीची वेळ सांगितली गेली आणि नर्स आली. वजन थोडेसेच वाढले होते, पण वाढले होते. दवाखान्यात जायची गरज नाही, पुढच्या महिन्यात पाहू, असे ती म्हणाली. त्यानंतर रायेन रोज शहाण्यासारखी जेवली असे मात्र समजू नका. कधी दोन-दोन दिवस ती काही खात नसे. भोपळा तर तिने कधीच खाल्ला नाही.

रोसामेल आता नाहीत. रायेन मोठी होऊन शहरात शिकते. मी पुन्हा या घरातून त्या घरात जाते. आता बायका माझे नाव काढतात ते काहीच न खाणारी रायेन माझ्यावर बसून खाऊ लागली म्हणून, आणि मला त्याचा गर्व वाटत नाही. प्रत्येक नव्या घरात पहिल्या दिवशी मी धास्तावलेली असते.

कालच मला खाडीपलीकडच्या एका घरात आणले. इथले बाळ नऊ महिन्यांचे आहे. आत्ता त्याची आई चमचा घेऊन उभी आहे आणि त्याने मान फिरवली आहे. तिने एका हाताने त्याचे दोन्ही हात धरले आहेत. तिचे स्वतःचे ताट टेबलावर झाकून ठेवलेले आहे, गार होत. मला तिला सांगता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी लहान बाळ असेल तर त्याच्यापाशी बसून जेवा. आधी त्याच्या आईला हाक मारा. ती "नंतर" म्हणेल. तिच्या हातातला चमचा काढून घ्या आणि तिला ताट वाढा.