शापांचा शनिवार

नाउमकाकांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि अर्जेंटिनाच्या एन्त्रे रीओस प्रांतातल्या आमच्या ज्यू गावात तोरा, आमचा धर्मग्रंथ, गाणारं कुणी उरलं नाही. चाळीस वर्षं दर शनिवारी त्या आठवड्याचा उतारा तेच गात, त्यावरचं प्रवचनही गाऊनच सांगत. ऐकताना मला भुकेचं भान राहत नसे. आता ते पाटीवर खडूने बोलत. ऑपरेशनआधी त्यांनी शिवणकाम करणाऱ्या फान्याकडून उतारे घोकून घेतले होते. तिला जमलं नाही तर सिनेगॉग बंद करायचं, असं आम्ही उरलेल्या अकरा जणांनी ठरवलं होतं.

आणि तिच्या वाट्याला पहिलाच उतारा आला तो देवाची आज्ञा मोडणाऱ्यांवरच्या शापांचा! तो हळू आवाजात वाचायचा, मध्ये थांबायचं नाही. प्रत्येक वाचनाला एकाला मानाने वर चौथऱ्यावर बोलावतात, पण शाप लागेल म्हणून त्या वेळी यायला कुणी धजत नाही.

"बेर्नार्दो, तू जा ना," मी म्हटलं.

"मी? गेल्या वर्षी मौरिसियो गेला, आठवड्यात ट्रॅक्टर खड्ड्यात!"

"वाइन ढोसून चालवत होता, मेल्या!"

कुणी आलं नाही की वाचणाऱ्यानेच ते अंगावर घ्यायचं. फान्या एकटी उभी राहिली.

निम्म्यावर तिचा सूर हरवला. तोराच्या गुंडाळीत नुसती अक्षरं, सुरांच्या खुणा नसतातच. काकांना आवाज नाही, शनिवारी, शब्बाथला, लिहायचं नाही, आणि चाल आम्हा कुणालाच येत नव्हती. नेमक्या शापांच्या मधोमध सगळं थांबलेलं. मी मनात देवाचा धावा केला.

काका उठले, तिच्या शेजारी गेले आणि हवेत हात उचलला. वर, वळण, खाली. मग बोट थरथरवलं. त्यांचे आजोबा असंच सूर दाखवायचे म्हणे. फान्याला खूण कळली. मग एक डोळा अक्षरांवर, एक हातावर ठेवून तिने कुजबुजत सूर धरला आणि एकेक शाप ओलांडत गेली. परमुलखातही देव आपल्या लेकरांना टाकत नाही, त्या ओळीवर काकांनी दोन्ही हात सावकाश उघडले. फान्याचा आवाज मोकळा झाला. आजचं प्रवचन मला तिथेच मिळालं.

नंतर पाव खाताना बेर्नार्दोने विचारलं, "पुढच्या शनिवारी काय गं?"

"वाळवंटातली शिरगणती."

"शाप नाहीत ना? मग मी येतो वर!"

"आला मोठा शूर!" फान्या हसली. मग काकांकडे वळून म्हणाली, "काका, दुपारी येते हं. हातानेच शिकवा."