गवताखालचं भुसकट

उमरग्याच्या धान्याच्या मोंढ्यात शिवपुत्र आडत्याचा शब्द खाली पडत नसे, पण घरापुढच्या लॉनमधल्या वीतभर खड्ड्यानं त्याची झोप उडवली होती.

खड्डा कसला, पाण्याच्या पाइपासाठी चर खणला होता. तो बुजवला, वर लॉन लावलं आणि पुढं माती बसत गेली. सगळं हिरवंगार आणि मधेच ही खळगी! त्यात पोरीला बघायला गुलबर्ग्याचे पाहुणे यायचे होते. माती आणा, वाळू मिसळा, ठोका, एवढा दम कुणाला? पठ्ठ्यानं गवताचा थर उचलला, खाली आडतीवरचं तुरीचं भुसकट दाबून भरलं आणि वर गवत परत पांघरलं. पाहुणे म्हणाले, "लॉन लई झकास!" शिवपुत्रची छाती फुगली.

भुसकट ते भुसकटच. पाण्यानं कुजलं, आत पोकळी झाली. एका सकाळी त्याची आई, जगदेवीअव्वा, पूजेची फुलं तोडायला अनवाणी निघाली आणि तिचा पाय गवतातून खाली गेला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, अव्वा खाटेला खिळली.

दवाखान्यात शिवपुत्रची थोरली बहीण इरम्मा त्याच्या बायकोवर तणतणली, "उमादेवी, तूच रात्री पाणी सोडून चिखल केला असशील!" शिवपुत्र शेजारीच उभा होता. एक वाक्य बोलायचं होतं, पण मूग गिळून बसला. पुढं बोलायची वेळच आली नाही, असं तो स्वतःला सांगायचा. साफ खोटं! वेळ रोज संध्याकाळी यायची. उमादेवी तेलाची वाटी घेऊन सासूचे पाय चोळायची आणि म्हणायची, "अव्वा, माझ्यामुळं झालं हो. माफ करा." अव्वा डोळे मिटून घ्यायची. आणि हा शूरवीर मोबाइलमध्ये तुरीचे भाव बघत बसायचा. लाज वाटायची त्याला, पण जीभ काही उचलत नव्हती.

आज इरम्मा अव्वाला न्यायला येणार होती. 'जिथं सून बघत न्हाय, तिथं माझी माय राहणार न्हाय,' असा तिचा निरोप होता. म्हणजे साऱ्या भावकीत उमादेवीच्या नावानं डंका वाजणार. बहीण यायच्या आत निदान खड्डा तरी बुजवावा, म्हणून शिवपुत्रनं गवत उलटं केलं. खालून काळंकुट्ट, आंबूस वासाचं भुसकट निघालं.

चहा घेऊन आलेली उमादेवी थबकली. तिनं चिमूटभर उचलून बोटांत चुरलं.

"अहो, हे तर तुरीचं भुसकट. हितं कसं आलं?"

तेवढ्यात फाटक वाजलं. इरम्मा आत येत कडाडली, "बघा, अजून चिखलच! या बाईला..."

"अक्का, तिला बोल लावू नका," शिवपुत्र म्हणाला. "पाण्याचा काय संबंध न्हाय. हे भुसकट म्या भरलं होतं. अव्वाला म्या पाडलं."

ओसरीवरच्या खाटेवरून अव्वा म्हणाली, "मला ठाव होतं रे."

सगळे वळले.

"पायाला भुसकट चिकटलं होतं. पदरानं पुसून टाकलं. म्हणलं, पोराचं नाव कशाला?"

उमादेवी तिच्याकडं बघत राहिली. "अव्वा, मी रोज माफी मागत होते की..."

अव्वानं डोळे मिटले, रोजच्यासारखे. इरम्मानं पिशवी खाली ठेवली आणि भावजयीकडं न बघता खाटेच्या कडेला बसली.

दुपारी शिवपुत्रनं भुसकट उपसलं. पोयटा आणि वाळू कालवून थर दिला, पाणी मारलं, धुमसानं ठोकलं, पुन्हा थर दिला. वर गवत बसवलं आणि टाच आपटत अनवाणी चालून बघितलं. जमीन हलली नाही. पण त्याच्या जिवाला काही थारा मिळाला नाही.

संध्याकाळी उमादेवी तेलाची वाटी घेऊन आली. ती त्याच्या हातात ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. शिवपुत्र खाटेशी बसला, बोटं तेलात बुडवली. अव्वानं चांगला पाय आखडून घेतला.

"आधी तिची माफी मागून ये," ती म्हणाली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आणि माझ्या वाटचीबी तूच माग बाबा. मला उठता येत न्हाय."